संस्थेचा ई-मेल कोणाच्या खिशात?

ग्रामीण संस्थांचा सामायिक मेलबॉक्स कोणी सांभाळायचा आणि त्यातला निरोप गावापर्यंत कसा न्यायचा?

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या सेवाभावी संस्थेचे लेटरपॅड हातात घ्या. वर संस्थेचे नाव, त्याखाली नोंदणी क्रमांक, मुक्काम पोस्ट, तालुका आणि तळाशी एक ई-मेल पत्ता. बऱ्याचदा त्या पत्त्यात संस्थेचे नाव नसतेच. सचिवांचे, किंवा ज्या पोराने तो दहा-बारा वर्षांपूर्वी नेट कॅफेत बसून काढून दिला त्याचे नाव आणि पुढे जन्मसाल असते. संस्थेचा शिक्का कपाटात कुलूपबंद असतो, चेकवर दोघांच्या सह्या लागतात. पण हा पत्ता मात्र एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये असतो. त्या माणसाने संस्था सोडली, नंबर बदलला किंवा मोबाइल बसमध्ये विसरला, की संस्थेचे टपाल बंद.

पूर्वी याने फारसे बिघडत नसे. महत्त्वाचे पत्र पोस्टमन आणून द्यायचा आणि ऑफिसात जो असेल तो सही करून घ्यायचा. आता तसे राहिलेले नाही.

टपालाने दार बदलले

गेल्या दहा-बारा वर्षांत संस्थांचा जवळजवळ सगळा अधिकृत व्यवहार मेलवर सरकला. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाची, म्हणजे सीएसआरची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकामावर खर्च करणे आले आणि निधीसाठी ग्रामीण संस्थांचीही कंपन्यांशी लिखापढी सुरू झाली. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ हा अर्ज ऑनलाइन भरून क्रमांक घ्यावा लागतो. त्याच वर्षापासून प्राप्तिकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्यांची ‘एकदा मिळाली की कायमची’ ही सवय मोडली. पाच वर्षांची मुदत आली आणि ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करणे आले. (लहान संस्थांसाठी १२ए नोंदणीची मुदत २०२५ च्या वित्त कायद्याने दहा वर्षांची केली.) नीती आयोगाचे ‘दर्पण’ पोर्टल असो की प्राप्तिकर विभाग, ओटीपी, शंका, त्रुटी, नोटीस हे सगळे नोंदवलेल्या ई-मेलवर येते. विभागाने त्या पत्त्यावर नोटीस पाठवली की ती कायद्याच्या दृष्टीने बजावली गेली. तुम्ही मेल उघडला नव्हता, हे कारण तिथे चालत नाही.

गंमत अशी की विश्वस्त बदलले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. वकील गाठले जातात, कागद जोडले जातात. पण मेलचा पासवर्ड नव्या सचिवांकडे आला का, हे विचारणारे कोणतेही कार्यालय नाही. मग तो जुन्या सचिवांकडेच राहतो आणि संबंध बिघडले असतील तर विषय भांडणाच्या बाजूला जातो.

आता एक उदाहरण धरू. मंठा तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे असे समजा. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबे फडावर निघतात. मुले गावात राहावीत म्हणून वस्तीवरच्या आजी-आजोबांना, शिक्षकांना, सरपंचांना भेटण्याची धावपळ याच दिवसांतली. नेमक्या त्याच आठवड्यात एका कंपनीचा मेल येतो : मुलांची गावनिहाय संख्या, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि ८०जी प्रमाणपत्र आठ दिवसांत पाठवा. संस्थेतल्या तिघांकडे पासवर्ड आहे. समन्वयक ताई मोबाइलवर मेल उघडतात आणि ‘सर बघतील’ म्हणून बंद करतात. सर संध्याकाळी पाहतात. मेल ठळक अक्षरात नाही, म्हणजे कोणीतरी वाचलेला आहे, म्हणजे उत्तरही गेले असेल, असा त्यांचा समज होतो. हिशेब पाहणाऱ्या भाऊंना तर वाटते की आपला संबंध फक्त बँकेच्या मेलशी. नवव्या दिवशी तिकडची फाइल बंद होते. चूक कोणाची, हे ठरवायला बसलात तर कोणाचीच सापडणार नाही. तिघांनीही मेल पाहिला होता.

सामायिक मेलबॉक्सचा हाच खरा रोग आहे. न पाहिलेला मेल कधीतरी सापडतो. सगळ्यांनी पाहिलेला आणि कोणाचाच नसलेला मेल सापडत नाही.

बारनिशी आठवते का?

यावर उपाय शोधायला फार लांब जायला नको. जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा कोणत्याही तहसीलमध्ये अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला आवक-जावक विभाग, म्हणजेच बारनिशी, ठाऊक असते. पत्र आले की नोंदवहीत क्रमांक पडतो, तारीख पडते, कोणाकडून आणि कशाबद्दल ते लिहिले जाते. मग ते साहेबांकडे जाते आणि साहेब कोपऱ्यात एका टेबलाचे नाव लिहितात. पत्र त्या टेबलाला ‘मार्क’ झाले. यापुढे ते कोणाकडे आहे, हे नोंदवही सांगते. सरकारी दिरंगाईवर आपण कितीही बोललो तरी ही पद्धत पक्की आहे. दिरंगाई होते ती मार्क झाल्यानंतर. मार्कच न झालेले पत्र ही त्या व्यवस्थेत अपवादाची गोष्ट.

छोट्या संस्थांमध्येही पूर्वी आवक-जावक रजिस्टर असायचे. मेल आला आणि ते रजिस्टर थांबले. मेलबॉक्स म्हणजेच रजिस्टर, असे सगळ्यांनी धरून चालले. पण मेलबॉक्सला तारीख कळते, विषय कळतो. टेबल कळत नाही.

महसूल कार्यालयांतली आणखी एक जुनी पद्धत इथे उपयोगाची आहे : सहा गठ्ठा पद्धत. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. एकात कार्यवाही करायची प्रकरणे, दुसऱ्यात कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, तिसऱ्यात ठरावीक काळाने जाणारे अहवाल, चौथ्यात स्थायी आदेश, पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायचे आणि सहाव्यात नष्ट करायचे. पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम राबवली, तेव्हाही दप्तर लावण्याचे हेच जुने वळण कामाला आले.

जीमेलमधली ‘लेबल’ म्हणजे हेच गठ्ठे. सहाच्या सहा कशाला, पहिले तीन केले तरी संस्थेचे निम्मे दुखणे जाते. त्यातही दुसरा गठ्ठा सर्वांत मोलाचा. आपण उत्तर दिले, समोरच्याने दिले नाही, आणि आपण विसरलो, अशी प्रकरणे मेलमध्ये तळाला जाऊन बसतात. पंचायत समितीला विचारलेली माहिती, कंपनीला पाठवलेला प्रस्ताव, डॉक्टरांना शिबिरासाठी मागितलेली तारीख या सगळ्यांना ‘प्रतीक्षा’ असे लेबल लावायचे आणि दर सोमवारी फक्त तेवढेच उघडून पाहायचे. तिसऱ्या गठ्ठ्यात वर्षभराच्या तारखा : लेखापरीक्षण, विवरणपत्र, देणगीदारांचे तिमाही अहवाल, नोंदणीची मुदत.

किती दिवसांत उत्तर द्यायचे, याचाही नमुना घरचाच आहे. महाराष्ट्रात दप्तर दिरंगाई कायदा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा कायदा सांगतो की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. संस्थेने स्वतःपुरता तो तीन दिवसांवर आणावा. पूर्ण उत्तर तयार नसेल तर ‘आपला मेल मिळाला, माहिती अमुक तारखेपर्यंत पाठवतो’ एवढी ओळ चालते. ही ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि समोरच्याचा जीव भांड्यात पडतो.

पासवर्ड वाटू नका, काम वाटा

एकच पासवर्ड पाच जणांना देणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. नोकरी सोडून गेलेल्याकडे तो राहतो. उत्तर कोणी पाठवले ते कळत नाही. जालन्यात आणि पुण्यात एकाच वेळी खाते उघडले की गुगलला संशय येतो, तो ओटीपी मागतो आणि ओटीपी भलत्याच मोबाइलवर जातो. त्या मोबाइलचा मालक त्या वेळी परतूरच्या एखाद्या वाडीत रेंजबाहेर असतो.

साध्या, फुकटच्या जीमेल खात्यातही याला पर्याय आहे. तो फार थोड्यांना माहीत असतो. खात्याच्या सेटिंगमध्ये संगणकावरून दुसऱ्या व्यक्तीला ‘डेलिगेट’ करता येते, दहा जणांपर्यंत. प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पासवर्डने संस्थेचा मेलबॉक्स उघडतो, वाचतो, उत्तर देतो. उत्तराखाली ते कोणी पाठवले हेही दाखवता येते. त्याला संस्थेचा पासवर्ड बदलता येत नाही, आणि तो संस्थेतून गेला की एका क्लिकने त्याचा प्रवेश काढता येतो. मूळ पासवर्ड बंद लिफाफ्यात, चेकबुकाशेजारी.

थोडी मोठी संस्था असेल तर स्वतःचे डोमेन घ्यावे. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना गुगलची वर्कस्पेस सेवा पडताळणीनंतर मोफत मिळते. सरकारी कार्यालये, रुग्णालये आणि शाळा-महाविद्यालये या सवलतीत बसत नाहीत. त्यात ‘माहिती’, ‘हिशेब’, ‘आरोग्य’ असे कामाच्या नावाने पत्ते काढता येतात. गुगल ग्रुप्समध्ये ‘कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स’ नावाची सोय आहे. आलेला प्रत्येक मेल एकाच्या नावावर सोपवता येतो आणि काम झाले की ‘पूर्ण’ अशी खूण करता येते. म्हणजे बारनिशीच, फक्त शाईशिवाय.

पत्ता पदाचा असावा, माणसाचा नसावा, ही कल्पना सरकारने कधीच स्वीकारली आहे. केंद्राच्या २०१४ च्या ई-मेल धोरणात अधिकाऱ्याच्या नावाचा आणि पदनामाचा असे वेगळे पत्ते सांगितले आहेत. बदली झाली की पदनामाचा पत्ता खुर्चीवरच राहतो. जालन्याचे जिल्हाधिकारी कितीही वेळा बदलले तरी त्यांच्या कार्यालयाचा पत्ता बदलत नाही. ग्रामीण संस्थेतही सचिवपद हे पदच आहे.

तंत्राची ही सोय झाली तरी एक माणूस लागतोच. दररोज सकाळी दहा वाजता पंधरा मिनिटे मेलबॉक्स उघडून प्रत्येक मेलवर नाव टाकणारा. त्याने उत्तरे द्यायची नाहीत, फक्त मार्क करायचे. आठवड्याने माणूस बदलला तरी चालेल. आणि जाताजाता त्याने स्पॅममध्येही डोकवावे, कारण तिथला मेल तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो.

उलट्या दिशेचा धोकाही आहे. ‘सीएसआर निधी मंजूर झाला आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असे मेल येतात. निधी देणारी कंपनी संस्थेकडून आधी पैसे मागत नाही. बँक खाते बदलल्याचा मेल आला तर मेलवर उत्तर न देता आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

गाव मेल वाचत नाही

इथपर्यंतचा कारभार मुंबई-दिल्लीकडे तोंड असलेल्या खिडकीचा. संस्थेची दुसरी खिडकी गावाकडे उघडते आणि तिथे मेलला फारशी किंमत नाही. घनसावंगीच्या मोसंबी उत्पादकाला छाटणीच्या शिबिराचे निमंत्रण मेलने पाठवणे म्हणजे ते न पाठवणेच. तिथे व्हॉट्सॲप चालते, फोन चालतो, मंदिराचा भोंगा चालतो, आशाताईंचा निरोप चालतो.

या बाबतीत जिल्ह्यातलेच एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र वर्षानुवर्षे दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र घेते. विषय हंगामाप्रमाणे बदलतो, तारीख नाही. निरोप पोहोचला नाही तरी माणूस येऊ शकतो, कारण पाच तारीख त्याला पाठ आहे. कार्यक्रमाचे निमंत्रण किती लोकांना गेले याचा हिशेब मांडणाऱ्या संस्थांनी या साध्या युक्तीकडे पाहायला हवे. ठरलेला दिवस हा सर्वांत स्वस्त निरोप्या आहे. याच केंद्राने जिथे पाणलोटाचे काम केले ते कडवंची गाव पाहायला राज्यभरातून शेतकऱ्यांचे गट येतात. जे काम पाहता येते, त्याची जाहिरात मेलने करावी लागत नाही.

व्हॉट्सॲपच्याही मर्यादा माहीत हव्यात. ग्रुपमध्ये १,०२४ माणसे बसतात, पण दोनशेच्या पुढे गेलेला ग्रुप सुप्रभात आणि श्रद्धांजलीत बुडतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घेता येतात. मात्र ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यालाच तो संदेश मिळतो. म्हणून शिबिरात हजेरी घेतानाच संस्थेचा नंबर लोकांच्या मोबाइलमध्ये भरून द्यावा. तो कार्यकर्त्याचा खासगी नंबर नको, संस्थेच्या नावावरचे वेगळे सिम हवे; मेलच्या पत्त्याला जे लागू, तेच याला. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या नियमांप्रमाणे आधी डीएलटी नोंदणी आणि मजकुराचा मंजूर साचा लागतो. छोट्या संस्थेला ते झेपेलच असे नाही. तिथे वीस गावांतल्या वीस जणींना फोन करणारी एक ताई अधिक काम करते.

खरी गळती या दोन खिडक्यांच्या मधल्या जागेत होते. नेत्रतपासणी शिबिराची तारीख बदलल्याचा मेल रुग्णालयातून मंगळवारी येतो. मेलबॉक्सपुरते ते प्रकरण ‘धन्यवाद, कळाले’ या उत्तराने संपते. भोकरदनच्या एका वाडीतल्या आजी मात्र गुरुवारी रिक्षाचे पैसे खर्चून, उपाशीपोटी, ठरल्या जागी येऊन बसतात. म्हणून ज्या मेलचा गावाशी संबंध आहे तो उत्तर दिल्यावर बंद धरायचा नाही; गावात निरोप गेल्याचा फोन आल्यावर बंद धरायचा. नोंदीत त्यासाठी एक रकाना वाढवा : ‘गावात कोणाला सांगितले?’ उत्तर नावानिशी हवे. ‘ग्रुपवर टाकले’ हे उत्तर धरू नये.

उलट दिशेनेही हेच. वस्तीवर कोणी सांगितलेली तक्रार, हातपंप बंद, पोषण आहार आला नाही, कार्यकर्त्याच्या डोक्यात किंवा त्याच्या खासगी व्हॉट्सॲपवर राहते. ती संध्याकाळी दोन ओळींत संस्थेच्या मेलवर आली, की तिलाही क्रमांक पडतो, तिच्यावरही नाव पडते. पुढे पंचायत समितीत जाताना तारीखवार कागद हातात असतो.

मराठीत लिहा, पण युनिकोडमध्ये

पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला मराठीतच लिहावे. मात्र जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये असावा. विषयाच्या जागी ‘अर्ज’ किंवा ‘महत्त्वाचे’ एवढेच लिहू नये. गाव, काम आणि तारीख लिहावी, म्हणजे वर्षभराने शोधतानाही सापडते. देवनागरीतला ‘.भारत’ हा डोमेन २०१४ पासून मिळतो आणि देवनागरीत मेल पत्ताही काढता येतो. पण अनेक सरकारी पोर्टलवरचे रकाने असा पत्ता स्वीकारत नाहीत. मनाला पटले तरी नोंदणीसाठी रोमन लिपीतला पत्ता ठेवावाच लागतो.

देणगीदारांना किंवा माजी स्वयंसेवकांना एकगठ्ठा मेल पाठवताना सगळे पत्ते ‘टू’मध्ये भरू नयेत, ‘बीसीसी’मध्ये भरावेत. नाहीतर प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांना दिसतो. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो. त्यापुढे खाते काही काळ थांबवले जाते. महिला बचत गटांच्या याद्या, शिबिरातल्या रुग्णांचे आजार, मुलांची नावे यांची एक्सेल फाइल इकडून तिकडे फिरवणे तर थांबवायलाच हवे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत आहे. संमती घेतली का, कशासाठी घेतली, हे विचारले जाणार आहे. हजेरीपत्रकावर ‘कार्यक्रमांची माहिती या नंबरवर पाठवली तर चालेल’ अशी एक ओळ आणि सही, ही सुरुवात आजही करता येते.

आणि जुने, न वापरलेले खाते ‘राहू दे, कधीतरी लागेल’ म्हणून सोडून देऊ नये. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. आठ वर्षांपूर्वी कोणी ‘सीएसआर’साठी, कोणी ‘दर्पण’साठी वेगळे खाते काढले असेल, तर ते आताच शोधावे. ओटीपी मागण्याची वेळ येईल तेव्हा उशीर झालेला असेल.

कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत यासाठी एक ठराव पुरतो. मजकूर असा ठेवता येईल : ‘संस्थेच्या नावे असलेली सर्व ई-मेल खाती, डोमेन व मोबाइल क्रमांक ही संस्थेची मालमत्ता आहे. त्यांची यादी मालमत्ता नोंदवहीत घेण्यात यावी. पुनर्प्राप्तीचा क्रमांक संस्थेच्या सिमचा असावा. मूळ पासवर्ड सचिव व कोषाध्यक्ष यांच्या सहीच्या बंद लिफाफ्यात ठेवावा. पदाधिकारी बदलल्यास बदल अर्जासोबतच पासवर्ड बदलून नव्या पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यावा व तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी.’ सूचक, अनुमोदक, तारीख. आणि त्याच बैठकीत, चहा येईपर्यंत, कोणाच्या मोबाइलवर कोणते खाते उघडे आहे ते एकदा पाहून घ्यावे.